रात्रीची दुर्बीण : कोणती घ्यावी?

(द्वितीय वर्ष, कला)

विषय वाचून आमच्या प्राध्यापकांना नवल वाटेल. भूगोल घेतलेल्या कला शाखेच्या विद्यार्थिनीने शिकाऱ्यांच्या दुर्बिणींवर लेख लिहावा, हे चमत्कारिक खरेच. परंतु वाचकहो, हा विषय मी निवडलेला नाही. तो आमच्या गावाने माझ्या गळ्यात घातला. दोन महिने त्याच्यामागे घालविल्यावर वाटू लागले, की आपल्या वार्षिकात यावर चार शब्द लिहिले तर माझ्यासारख्याच उसाच्या गावांतून येणाऱ्या मित्रमैत्रिणींना ते उपयोगी पडतील.

माझे गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या अंगाला. डिंभे धरणाचे पाणी खाली आले तसा आमच्याकडे ऊस वाढला, आणि उसाबरोबर बिबट्या आला. (आमच्याकडे त्याला वाघच म्हणतात, अंगावर पट्टे असोत वा ठिपके.) जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांचा मिळून जुन्नर वनविभाग होतो. येथे उसातच जन्मलेले आणि उसातच वाढलेले बिबटे आहेत. वर्षभर उभे राहणारे, आत गारवा असणारे आणि कुत्री-शेळ्या हाकेच्या अंतरावर असणारे हे पीक त्यांना रानच वाटते.

आता शेतीपंपाची वीज पाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की आमचे आण्णा दहा वाजता घोंगडी खांद्यावर टाकून निघतात, मोटार सुरू करतात आणि पहाटेपर्यंत दारे धरतात. ज्यांना हा शब्द ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते : पाटाचे पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवायचे, त्यासाठी वाकून फावड्याने माती ओढायची, याला दारे धरणे म्हणतात. वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला चारपायी जनावरासारखा भासतो, असे वनखात्याची माणसे गावोगाव सांगतात. म्हणजे आण्णांचे सगळे कामच वाकून करण्याचे. मी लहानपणी त्यांच्याबरोबर बॅटरी धरून उभी राहत असे. बॅटरीचा उजेड जिथवर जातो तिथवर दिसते आणि त्यापलीकडचा काळोख अधिकच दाट होतो, हे मला कोणत्याही पुस्तकाआधी ठाऊक होते.

दिवाळीनंतर वस्तीवरच्या दोन शेळ्या गेल्या, तेव्हा तरुण मंडळाने उरलेली वर्गणी आणि घरटी काही रक्कम जमवून रात्री पाहण्याचे एखादे यंत्र घ्यायचे ठरविले. कुणीतरी पुण्याहून दोन पत्रके आणली. दोन्ही इंग्रजीत. एकावर ‘थर्मल’, दुसऱ्यावर ‘नाइट व्हिजन’. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. त्यामुळे खताच्या पोत्यापासून कोर्टाच्या नोटिशीपर्यंत इंग्रजी अक्षर असलेली प्रत्येक वस्तू माझ्यापुढे येते. तशी हीही आली. तात्या म्हणाले, “तू कॉलेजात जातीस न्हवं? मंग वाचून सांग, यातली कंची घ्यायची.”

वाचले, आणि पहिला धक्का बसला तो असा : दोन्ही पत्रके शेतकऱ्यासाठी लिहिलेलीच नव्हती. चित्रात बंदूक घेऊन गवतात पालथा पडलेला एक साहेब. खाली रानडुकरे, कोल्हे, त्यांच्या शिकारीची वर्णने. ही यंत्रे बाजारात सामान्य माणसापर्यंत आली ती मुख्यतः बंदुकीवर बसवायची दुर्बीण म्हणून. त्यांचे गुणदोष, त्यांच्यावरचे वादविवाद, सारे शिकाऱ्यांनी शिकाऱ्यांसाठी मांडलेले. तेव्हा ती दुनिया समजून घेतल्यावाचून गत्यंतर नव्हते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी आहे आणि बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. माणसाच्या जिवावर उठलेल्या बिबट्याविषयीचा निर्णयही राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांनीच घ्यावयाचा असतो. आम्हांला बंदूक नको होती आणि चालणारही नव्हती. आम्हांला फक्त पाहायचे होते. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला.

रात्री शिकार करणाऱ्यापुढची अडचण जुनीच आहे. १९२६ साली रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याला जिम कॉर्बेटने आंब्याच्या झाडावर बसून, रात्री, विजेच्या बॅटरीच्या उजेडात मारले. त्या काळी याहून दुसरा उपाय नव्हता. मात्र उजेड पाडला की जनावराला कळते. म्हणून माणसाने असा उजेड शोधला, जो जनावराला दिसत नाही. त्याचे मूळ १८०० सालात आहे. विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने काचेच्या लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे तापमापक ठेवला. पारा चढला! हेच अवरक्त किरण. आपल्या दोन्ही दुर्बिणी याच किरणांच्या घरच्या. पण एक उंबऱ्याजवळची आणि दुसरी पार परसातली. सगळा घोटाळा लोक या दोघींना एकच समजतात म्हणून होतो.

उंबऱ्याजवळची ती नाइट व्हिजन. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, ओकिनावा बेटावर अमेरिकन सैनिकांनी बंदुकीवर अवरक्त दिवा आणि तो उजेड पाहणारी दुर्बीण बसवून ती वापरली. विजेचा जड संच सोबत वागवावा लागे. पुढे व्हिएतनामच्या युद्धात दिव्यावाचून, केवळ चांदण्यांच्या उजेडावर चालणारी दुर्बीण आली. तिच्यात एक नळी असते. अंधुक प्रकाश पुढच्या पडद्यावर पडला की तेथून इलेक्ट्रॉन सुटतात, विजेच्या दाबाने ते वेगात धावतात आणि मागच्या पडद्यावर आदळून तो उजळवतात. १९७०च्या सुमारास या दोहोंच्या मध्ये लक्षावधी सूक्ष्म छिद्रांची काचेची चकती घालण्यात आली; छिद्रातून जाताना एका इलेक्ट्रॉनचे शेकडो होतात आणि उजेड हजारो पटींनी वाढतो. चित्रपटात दिसणारे हिरवे चित्र ते हेच. हिरवा रंग घेतला, कारण डोळ्याला हिरव्यातील छटा चांगल्या ओळखता येतात.

परंतु शून्याला कितीही पटींनी वाढवा, शून्यच. अमावास्येला ढग दाटले, किंवा उसाच्या दोन सऱ्यांमध्ये पाहू लागलो, की वाढवायला उजेडच नाही. मग बॅटरी हवीच. फक्त ती अवरक्त. आज स्वस्तात मिळणाऱ्या नाइट व्हिजन दुर्बिणींत नळी नसतेच. मोबाइलमधल्यासारखी कॅमेऱ्याची चकती असते आणि सोबत ८५० किंवा ९४० नॅनोमीटरची अवरक्त बॅटरी. (माणसाचा डोळा साधारण ७०० पर्यंत पाहतो.) ८५० ची बॅटरी लांब पोचते, पण तिच्या तोंडाशी बारीक लाल ठिणगी दिसते, ९४० ची अजिबात दिसत नाही, पण पल्ला कमी. या दुर्बिणीतले चित्र मात्र ओळखीचे असते. झाड झाडासारखे, माणूस माणसासारखा, आणि जनावराने आपल्याकडे पाहिले तर डोळे दोन दिव्यांसारखे चमकतात. धुके असेल, तर बॅटरीचा उजेड थेंबांवरून उलटून पांढरी भिंत उभी राहते. समोर गवत असेल तर गवतच लखलखते आणि मागचे बुडते.

परसातली ती थर्मल. तिला उजेड लागतच नाही. प्रत्येक वस्तू आपापल्या उष्णतेप्रमाणे किरण टाकत असते, तेच किरण ही दुर्बीण टिपते. त्यांची लांबी दृश्य प्रकाशाच्या दहा-वीस पट : आठ ते चौदा मायक्रॉन. गंमत म्हणजे या किरणांना साधी काच भिंतीसारखी वाटते. खिडकीच्या काचेतून थर्मल दुर्बीण बाहेरचे पाहू शकत नाही. तिला काचेवर उमटलेली आपलीच छाया दिसते. म्हणून तिचे भिंग जर्मेनियम या धातुसदृश मूलद्रव्याचे करतात, आणि तिच्या किमतीचे हे एक मोठे कारण आहे. चीन हा जर्मेनियमचा सर्वांत मोठा उत्पादक. २०२३ साली त्याने निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हा जगभर चर्चा झाली. भिंगामागे हजारो सूक्ष्म ठिपक्यांची चकती असते. प्रत्येक ठिपका किरणांनी किंचित तापतो, तापला की त्याचा विजेचा विरोध बदलतो, त्यावरून चित्र बनते. एका अंशाचा विसावा भाग एवढाही फरक चांगल्या यंत्राला कळतो. ही चकती हनीवेल या अमेरिकन कंपनीत, लष्कराच्या पैशावर, १९८०च्या दशकात विकसित झाली.

थर्मलमधून जग विलक्षण दिसते. गाय उठून गेली तरी तिची बसल्याची जागा उजळ राहते. भिंतीला हात लावून काढला तर पंजा काही क्षण तसाच दिसतो. पण बिबट्याचे ठिपके दिसत नाहीत, डोळे चमकत नाहीत, माणसाचे तोंड म्हणजे एक पांढरा गोळा. सूर्य उगवल्यावर आणि मावळल्यावर थोडा वेळ असा येतो, की दगड, माती आणि जनावर यांच्यात फारसा फरकच उरत नाही. उन्हाळ्यात तर बांधावरचे काळे दगड दिवसभर तापलेले असतात आणि रात्री उशिरापर्यंत जनावरांसारखे पांढरे दिसतात.

आता शिकारी यांतून निवड कशी करतात? मला वाटले होते, यावर एक उत्तर असेल. तसे नाही; उत्तर देशागणिक बदलते आणि त्याला कारणे आहेत. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात रानटी झालेल्या डुकरांनी शेतीचा धुव्वा उडविला आहे. त्यांची संख्या वीस लाखांच्या वर सांगतात. तेथे जमीनमालकाच्या संमतीने ती वर्षभर, दिवसा-रात्री मारता येतात; २०१९ पासून खाजगी जमिनीवर त्यासाठी शिकारीचा परवानाही लागत नाही. मोकळी सपाट शेते, कळपाने फिरणारी डुकरे. तेथल्या शिकाऱ्याला थर्मल सोयीची वाटते, कारण त्याचा मुख्य प्रश्न ‘एवढ्या मोठ्या शेतात डुकरे आहेत कुठे?’ हा असतो.

इंग्लंडचा शेतकरी रात्री कोल्हा मारतो. हे त्याला कायद्याने चालते. पण बॅजर नावाच्या प्राण्याला १९९२ च्या कायद्याने संरक्षण आहे, १९९१ च्या कायद्याने हरिणाला रात्री खास परवान्याविना मारता येत नाही, आणि शेजाऱ्याचे मांजर व कुत्रे तर असतातच. थर्मलमध्ये दूरवर या सगळ्यांचा एकच पांढरा ठिपका. म्हणून तिकडे बरेचजण हातात थर्मल घेऊन शोधतात आणि बंदुकीवर नाइट व्हिजन लावून ओळखतात. जर्मनीत पूर्वी बंदुकीवर असली साधने लावू देत नसत. रानडुकरांतून आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग पसरण्याच्या भीतीने २०२० साली शस्त्रकायदा सैल झाला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ब्रांडेनबुर्गमध्ये तो रोग सापडलाही. पण पिल्ले अजून अंगावर असलेल्या मादीला मारणे तेथे गुन्हाच आहे. उंच गवतात पिल्ले लपलेली असली तर थर्मलला ती दिसत नाहीत, आणि शिकाऱ्याला वाटते, एकटेच जनावर आहे. न्यूझीलंडमध्ये बंदूक बाळगणाऱ्याला जे सात नियम शिकवितात, त्यांत एक असा, की लक्ष्य काय आहे याची सर्व शंकांपलीकडे खात्री करावी. नियम साधा, रात्रीच्या वेळी तो पाळणे किती कठीण, हे पुढे कळेल.

येथवर आले आणि अडले. पत्रकातल्या थर्मलवर लिहिले होते : ‘पल्ला ७५० मीटर’. पाऊण किलोमीटरवरचा वाघ दिसणार म्हणून मंडळी खूश. मी ते पत्रक आमच्या भूगोलाच्या सरांना दाखविले. दूरसंवेदन शिकविताना सरांनी सांगितले होते, की २०१३ साली सोडलेल्या लँडसॅट ८ उपग्रहाच्या उष्णतेच्या चित्रात एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे शंभर मीटर. त्यात आपले कॉलेज मावते, पण ते कॉलेज आहे हे कळत नाही. पत्रक चाळून सर म्हणाले, “पल्ला विचारू नकोस. एका ठिपक्यात जमीन किती मावते ते विचार.”

मग शोधता शोधता जॉन्सनचे नाव सापडले. जॉन जॉन्सन हा अमेरिकन सैन्याच्या फोर्ट बेल्वॉर येथील प्रयोगशाळेतला संशोधक. त्याने १९५८ साली हाच प्रश्न विचारला होता : यंत्रातून ‘काहीतरी आहे’ हे कळायला, ‘कशा प्रकारचे आहे’ हे कळायला आणि ‘नक्की कोण आहे’ हे कळायला चित्रात किती बारकावा लागतो? त्याचे हिशेब आजच्या ठिपक्यांत मांडले तर वस्तूच्या लहान बाजूवर साधारण दोन, आठ आणि तेरा ठिपके पडावे लागतात, आणि तेही निम्म्या वेळा बरोबर उत्तर येण्यासाठी. विक्रेते पत्रकात छापतात तो यांतला पहिला आकडा, आणि तोही उभ्या माणसाच्या उंचीवर!

आमच्या पत्रकातल्या यंत्राची चकती २५६ गुणिले १९२ ठिपक्यांची, ठिपका बारा मायक्रॉनचा, भिंग दहा मिलिमीटरचे. बारा मायक्रॉनला दहा मिलिमीटरने भागले की कळते, शंभर मीटरवर एक ठिपका बारा सेंटिमीटरचा. (हे गणित मी तीन वेळा केले, दहावीत गणितात मला जेमतेम गुण होते.) बिबट्याची खांद्यापाशी उंची साठ-पासष्ट सेंटिमीटर धरा. म्हणजे ‘काहीतरी आहे’ हे २७० मीटरपर्यंत, ‘जनावर आहे’ हे अडुसष्ट मीटरपर्यंत, आणि ‘बिबट्याच आहे’ हे चाळीस-बेचाळीस मीटरच्या आत. एक एकराच्या चौरस तुकड्याची बाजू सुमारे चौसष्ट मीटर भरते. थोडक्यात ७५० मीटरचे यंत्र आमच्या एका एकराच्या या बांधावरून त्या बांधापर्यंतचे. याहून मोठे, ३८४ ठिपक्यांचे आणि पस्तीस मिलिमीटर भिंगाचे घेतले तर हेच आकडे जवळजवळ साडेतीन पट होतात. पण किंमत आमच्या वर्गणीच्या कितीतरी बाहेर. आणि कोणत्याही आकाराचे घेतले तरी पाचटातून, दाट पाल्यातून थर्मल आरपार पाहत नाही. उसाच्या आतला बिबट्या कोणत्याच यंत्राला दिसत नाही. दिसेल तो बांधावर, पाटावर, रस्त्यावर आलेला. हे मी पारावर सांगितले तेव्हा काही मंडळींचे तोंड उतरले. एकाने तर, “मग तुझ्या शिक्षणाचा उपयोग काय?” असेही विचारले. असो.

मार्गशीर्षात विक्रेत्याचा माणूस दोन्ही यंत्रे दाखवायला आला. रात्री नऊ वाजता आम्ही दहाबारा जण चारीच्या भरावावर जमलो. प्रथम थर्मल. तारेवर बसलेले घुबड, वस्तीवरची कुत्री, तापलेली मोटार, उकिरडा, सारे काळ्या पाटीवर खडूने काढल्यासारखे दिसू लागले. पोरे एकमेकांच्या हातून यंत्र ओढत होती. मीही पाहिले, आणि खरे सांगायचे तर लहानपणीच्या बॅटरीची आठवण होऊन पोटात कसेसेच झाले. एवढे दिसू शकते!

तेवढ्यात एकजण ओरडला, “बसलाय! बांधाला बसलाय!” दीडशे पावलांवर, खोडव्याच्या कडेला, एक पांढरा गोळा. बुटका. हलत नव्हता. यंत्र हातोहात फिरले. प्रत्येकाने तो वाघ असल्याची खात्री दिली. एकाला शेपूटही दिसली. विक्रेत्याच्या माणसाने चटकन दुसरे यंत्र काढले, अवरक्त बॅटरी लावली आणि तिकडे रोखली.

ती एक बाई होती. ऊसतोड टोळीच्या कोप्या त्या बाजूला पडलेल्या आहेत, आणि कोप्यांना संडास नसतो. दिवसभर शेतात पुरुषांच्या मध्ये मोळ्या बांधायच्या आणि काळोख पडला की बांधाला यायचे. नाइट व्हिजनमध्ये तिची साडी दिसत होती, शेजारी ठेवलेली पाण्याची बाटली दिसत होती. कुणीतरी हसले. तात्यांनी यंत्र खाली ओढले आणि एक शिवी हासडली.

त्या रात्री मला झोप आली नाही. पहिली गोष्ट, कुणाच्या हाती बंदूक असती तर? दहा माणसांनी ‘वाघ’ म्हणून साक्ष दिली होती. माझ्या हिशेबाप्रमाणे त्या अंतरावर तिच्या अंगावर जेमतेम सहा ठिपके पडत होते, कळणार काय? न्यूझीलंडचा तो नियम का करावा लागला असेल, हे त्या वेळी उमगले. शिकाऱ्याने थर्मलवर भरवसा ठेवून चाप ओढू नये. ओळख पटविणारे दुसरे साधन जवळ असल्याशिवाय तर मुळीच नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

दुसरी गोष्ट मात्र कोणत्याच पत्रकात नव्हती. गावात अजूनही कितीतरी बायांना काळोख हाच आडोसा आहे. आपण काळोख पाहणारे यंत्र आणतो तेव्हा तो आडोसाही काढून घेतो. शिकाऱ्याच्या दृष्टीने थर्मलचा जो दोष, की तोंड ओळखू येत नाही, तोच आमच्या गावाच्या दृष्टीने तिचा गुण आहे. आम्हांला चाप ओढायचा नाही. बांधावर काहीतरी आहे एवढे कळले की पुरे. खाकरायचे, डबा वाजवायचा, मागे सरायचे. ते रानमांजर निघाले किंवा माणूस निघाला तर फुकट डबा वाजला, एवढेच. उलट दिसायला हवे ते दिसलेच नाही, तर आण्णा जातील. शिकारी चुकीचे ओळखल्याने चुकतो आणि आम्ही न दिसल्याने चुकू. म्हणून त्याने नाइट व्हिजनला नाही म्हणू नये आणि आम्ही थर्मल घ्यावी, असे मी पारावर सांगितले. बाईची गोष्टही सांगितली. ती सांगताना आवाज कापला. पुढे बसलेले चुलते, मामा, शाळेतले जुने गुरुजी सगळे खाली पाहत होते. पण मागे देवळाच्या पायरीवर बसलेल्या बायकांतून एक म्हातारी म्हणाली, “खरं बोलतीय पोर.”

खल बराच झाला. नाइट व्हिजन निम्म्याहून स्वस्त होती आणि तिच्यात चित्रफीतही निघते, म्हणून पोरांचा जीव तिच्यात होता. शेवटी थर्मल घ्यायचे ठरले, चित्रे साठविण्याची सोय नसलेली. ती मंडळाच्या खोलीत राहायची नाही. ज्याची दारे धरायची पाळी असेल त्याने सही करून न्यायची आणि सकाळी आणून द्यायची. वही आमच्या घरी असते. टोळीच्या मुकादमालाही निरोप दिला, की बायांनी एकट्यादुकट्या येऊ नये, आणि मंडळाने कोप्यांजवळ चार पत्रे आणि एक बल्ब लावून दिला. पत्रे लागले; बल्ब दोनदा चोरीला गेला.

यंत्र येऊन सहा आठवडे झाले. एवढ्यात बिबट्या दोनदा दिसला. एकदा चारी ओलांडताना, एकदा आमच्याच बांधावर, तीस-पस्तीस मीटरवर. आण्णांच्या शेजारी मी उभी होते. तो लांबट, संथ पांढरा आकार, आणि या खेपेस शेपूट खरोखरच होती. आण्णांनी फावडे पत्र्याच्या डब्यावर वाजविले, तो उसात शिरला आणि यंत्रातून पुसून टाकल्यासारखा नाहीसा झाला. तो आत कुठे आहे हे त्यानंतर कळायला मार्ग नव्हता. आण्णांनी तासभर मोटार बंद ठेवली.

ते एकदाच यंत्राविषयी बोलले. म्हणाले, “चांगलं हाय. पर यातच बघत बसलं तर दारं कोण धरणार?” खरे आहे. पाहायला एक माणूस आणि पाण्याला एक माणूस लागतो. ज्याच्या घरात दुसरे माणूस नाही त्याला हे यंत्र असून नसल्यासारखे. आमच्या घरात मी आहे, म्हणून परीक्षेचे आठवडे सोडून मी जाते. थंडीत त्याची बॅटरी चार तास पुरते. वीज रात्री दहाला येते आणि सकाळी सहाला जाते. दुसरी बॅटरी मागविली आहे.